चाळिशीनंतर एडीएचडीची तपासणी करून घेतलेलं इथे कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

वय ४६, नाशिकला असते, पतसंस्थेत नोकरी. गेल्या वर्षी मुलाला एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असतो, तो त्रास) निदान झालं. त्याचे डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते आणि मला वाटत होतं, हे माझ्याच लहानपणाबद्दल चाललंय. हे बऱ्याचदा आईवडिलांकडून येतं, असं त्यांनीच सांगितलं.

मी वर्गात कधी दंगा केला नाही, खिडकीबाहेर बघत बसायचे. प्रगतिपुस्तकात शेरा ठरलेला, 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' घरी वेंधळी, सासरी धांदरट. आजही दुधाच्या पातेल्यासमोर उभी असते आणि दूध उतू जातं. लाइट बिल फ्रिजवर डोळ्यांसमोर, खात्यात पैसे, तरी तारीख उलटते. ऑफिसात माझ्या हातून चूक होत नाही, कारण प्रत्येक व्हाउचर पुन्हापुन्हा तपासते आणि सगळे गेल्यावर निघते. ही दमछाक कोणाला दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले. 'फर्स्ट क्लासमध्ये बीकॉम झालात, नोकरी टिकवलीत, मग कसलं एडीएचडी?' म्हणाले आणि चिंतेवरच्या गोळ्या लिहून दिल्या. मला हे पटलेलं नाही. डीएसएम-५ मध्ये (डॉक्टर मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात ते पुस्तक) १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी लक्ष न लागणं किंवा अतिचंचलपणा यांपैकी एका गटातली किमान ५ लक्षणं, ती घर-नोकरी अशा किमान दोन ठिकाणी, त्यांचा जगण्यावर परिणाम आणि काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून, असं आहे. नापास झालेलं असावं, असं कुठेच नाही.

माझं अडतंय ते १२ वर्षांआधीच्या पुराव्यापाशी. प्रगतिपुस्तकं घर बदलताना गेली. आईला विचारलं तर म्हणते, 'तू तर गुणी पोर होतीस.' थोरल्या बहिणीला मात्र सगळं आठवतं, रोज हरवणाऱ्या कंपासपेटीसकट. तिचं सांगणं तपासणीत धरतात का?

दुसरं, आधी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावं की थेट दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे? आणि पाळी अनियमित झाल्यापासून विसरणं फार वाढलंय. थायरॉइड, हिमोग्लोबिन नॉर्मल आहे. पाळीमुळे काय आणि मूळचं काय, हे तुमच्या डॉक्टरांनी कसं वेगळं केलं?

नाशिक, पुणे, ठाणे कुठलंही चालेल. मोठ्या माणसांची तपासणी नीट वेळ देऊन करणारं कोणी माहीत असेल तर सांगा. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.