14 वर्षांच्या वॅगनआरला 52 हजारांचं एस्टिमेट: करू की गाडी उचलून आणू?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, के10 इंजिन, मार्च 2012 ची, 84 हजार किलोमीटर झालेली. बाबांची आहे. ते आता चालवत नाहीत, मीच महिन्यातून दोनदा पुणे-सातारा करते. रस्ता खराब लागला की पुढच्या डाव्या चाकातून खडखड आवाज येतो, म्हणून शनिवारी सर्व्हिस सेंटरला टाकली. तक्रार एवढी एकच, बाकी नेहमीची सर्व्हिसिंग.

दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट आलं, 52,340 रुपये! स्टीअरिंग रॅक असेंब्ली (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग), पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे), क्लच सेट, टायमिंग बेल्ट किट, शिवाय इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि 'इंजिन ड्रेसिंग' की काय ते. फोन केला तर अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "मॅडम, जुनी गाडी आहे, रॅक कधीही जाम होईल. घरच्यांना घेऊन फिरता ना?" माझ्या पोटात गोळा. तर लगेच पुढे, "नाहीतर एक्स्चेंजला द्या, साठ हजार काढून देतो." म्हणजे जी गाडी कधीही दगा देईल तीच हा साठ हजारांना घेणार!

बाबांचं म्हणणं, जिवापेक्षा पैसा मोठा नाही, करून टाक. पण क्लचचा मला काडीचा त्रास नाही. गाडी अजून तिथेच आहे, सोमवारी सकाळी अप्रूव्हल मागतायत. जाणकारांनी सांगा.

पंक्या_पिंपरी

विकून मोकळी हो. मार्चमध्ये 15 वर्षं भरतील, मग आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, 5,000 फी, वर पर्यावरण कर. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

पाना_पक्कड (कोल्हापूर)

ताई, हसू आवरंना. के10 ला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, नसतोच ओ, त्याजागी चेन असते. जे गाडीत नाही ते बदलायचे पैसे लावलेत. म्हणजे गाडी बघून नाही, वय बघून यादी केलीय. माझं स्वतःचं गॅरेज आहे, 22 वर्षं हेच करतोय.

सोमवारी जाताना घाई करू नका. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उभ्या राहा. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवायला सांगा. तिथं प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) किंवा बेअरिंग. मग नऊ आणि तीनवर धरून हलवायचं. तिथं प्ले असला तर टाय रॉड (रॅकपासून चाकाला जाणारी सळई), आणि मगच रॅकचा विषय. दोन्हीकडं चाक घट्ट असलं तर लोअर आर्मचा बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, बघा. फाटलेलं डोळ्याला दिसतं. टॉर्च मारून दाखवा म्हणायचं.

क्लच तुम्हीच तपासा. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि हळूहळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतीय. इंजिन चालूच राहिलं तर क्लच गेला.

आणि पार्टच्या डब्यावरची एमआरपी बघा. त्यात जीएसटी धरलेला असतो. काही ठिकाणी एमआरपीवर परत 18 टक्के चढवतात.

सगळीच लूट म्हणणार नाही. त्यांना कामाची गॅरंटी द्यायची असते, म्हणून ते जुन्या आर्ममध्ये नुसता नवा बुश दाबून बसवत नाहीत, आख्खा आर्म बदलतात. ते एकवेळ पटतं. पण न हललेला रॅक बदलणं नाही पटत.

नाना_पेठी

वरच्यांशी सहमत. "फक्त तक्रारीपुरतं काम" असं जॉब कार्डवर (कामाची यादी लिहितात तो कागद) लिहून घ्या आणि जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. नुसत्या तपासणीचे पैसे मागितले तर देऊन टाका, पावती घ्या. गाडी अडवून धरली तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. नुसतं तोंडातून काढलं तरी आवाज खाली येतो, स्वानुभव!

सातारची_लेक

गाडी आणली!! लिफ्टवर घ्या म्हटल्यावर "इन्शुरन्समुळे कस्टमरला आत सोडत नाही" झालं. मी म्हटलं, मग टायमिंग बेल्ट कुठे असतो तो बॉनेट उघडून दाखवा. तो आत गेला, दहा मिनिटांनी दुसराच बाहेर आला, म्हणे टेम्प्लेटमधून चुकून पडलंय. तपासणीचे 450 रुपये भरले आणि निघाले. क्लच तिथल्याच पार्किंगमध्ये बघितला, इंजिन गपकन बंद.

काल साताऱ्यात बाबांच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. नऊ-तीन घट्ट, बारा-सहा घट्ट. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश मात्र अर्धा फाटलेला, बोट आत जात होतं. आर्म 1,450, स्ट्रट माउंट (शॉकअपच्या वरची रबरी बैठक) 700, मजुरी 900, अलाइनमेंट 500, ऑइल-फिल्टरची सर्व्हिसिंग 2,600. झाले 6,150. उजवा शॉकअप ऑइल झिरपून थोडा ओला आहे, तो दिवाळीपर्यंत बघू म्हणाले.

पंक्यादादा, नूतनीकरण करणार आहे. फाटका आर्म बाबांनी पेपरात गुंडाळून अंगणात ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत.

पाना_पक्कड

ओला शॉकअप दिवाळीपर्यंत ठेवू नका ताई. आणि बदलताना दोन्ही बाजूचे बदला, तेवढं त्यांचं एस्टिमेट बरोबर होतं.