युद्धकथेत रक्त किती लागतं?

रिकामी खुर्ची
रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही कादंबरी (१९२९) तिसऱ्यांदा वाचली आणि लगोलग २०२२चा जर्मन सिनेमा पाहिला. सिनेमाने अंगावर काटा आणला, पण रात्री झोप लागली. पुस्तकाने लागू दिली नाही. कारण, बूट.

केमेरिख. पाय कापलेला, इस्पितळात शेवटच्या घटका मोजणारा पोरगा. त्याचे मऊ चामड्याचे उंची बूट तिथेच पडलेत. भेटायला आलेल्या म्युलरची नजर त्या बुटांवरून हटत नाही. तो वाईट नाही. केमेरिखला ते उपयोगी पडणार असते, तर हा काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता. पण उपयोग संपलाय, आणि आघाडीवर चांगले बूट मिळत नाहीत. केमेरिख मरतो, बूट म्युलरला. म्युलर मरतो, बूट पाउलला. गोष्ट सांगणारा पाउलच. पुढचं आपल्याला कळतंच.

क्रौर्य लिटरवर मोजायची गोष्ट नव्हे, इतकंच म्हणणं. सिनेमातही मेलेल्याचा गणवेश धुऊन, शिवून पाउलच्या हातात येतो, आत दुसऱ्याच्या नावाची पट्टी. तो भाग पुस्तकाच्या तोडीचा. मग मात्र चिखलच चिखल.

सातारकर
साफ असहमत. बुटांवर डोळे पुसून चहा प्यायला आपल्याला बरं वाटतं. आमच्याकडे तीन पिढ्या फौजेत. चुलते ७१च्या लढाईत होते, घरात त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. टीव्हीवर एकदा तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा ताट तसंच ठेवून गोठ्यात गेले. म्हशीला वैरण घालून झाली होती, तरी पुन्हा घातली. तो आवाज, तो चिखल त्यांना ओळखीचा. तुम्ही त्यालाच जास्तीचा म्हणताय. रक्त वगळलं की युद्ध कवितेसारखं दिसायला लागतं. आपल्या सिनेमांत तर रक्तही नाही आणि बूटही नाहीत. शेवटी झेंडा आणि स्लो मोशन.

मोडीवाली
सातारकरांना +१, पण वेगळ्या कारणाने. वस्तूंतून सांगण्याची कला आपल्याला नवी नाही. १७६१च्या पानिपताची बातमी म्हणून जे सांगितलं जातं ते आठवा: दोन मोती गळाली, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा? पायदळ, बाजारबुणगे, फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेली माणसं. वाक्य इतकं देखणं आहे की त्यातला निर्दयपणा शाळेत कुणी दाखवूनच दिला नाही. रूपक क्रौर्य दाखवतं तसं झाकतंही. तेव्हा खुर्चीसाहेब, बुटांवर फार भरवसा नको.

रिकामी खुर्ची
ताई, पटलं. पण रेमार्कने खुर्द्याचीच गोष्ट लिहिली ना! पाउल ऑक्टोबर १९१८मध्ये मरतो, तेही इतक्या शांत दिवशी की लष्कराच्या अहवालात पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही एवढंच येतं. पुस्तकाचं नाव त्यावरूनच. सिनेमात तो ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीला काही मिनिटं उरली असताना, मोठ्या हल्ल्यात मरतो. म्हणजे त्याच्या मरणाला मुहूर्त दिला! खुर्द्याची मोहर केली. माझा राग चिखलापेक्षा यावर जास्त आहे.

आजीचा डबा
आणि रजेचं प्रकरण? सिनेमातून सरळ उडवलंय. आजारी आई पाउलसाठी बटाट्याची थालीपिठं करते (नाव काही असो, मी थालीपीठच म्हणणार), साठवलेला मुरंबा काढते आणि विचारते, तिकडे फार वाईट आहे का रे? तो खोटं बोलतो. नंतर तिने पाठवलेल्यातली काही रशियन कैद्यांना देतो. आईला कळलं असतं तर, हा विचार मला दर वेळी छळतो.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) तर लढाईच नाही. एक बोट, मुंबईला परतणारा चक्रधर, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा. युद्ध अजून लागायचंय, तरी ती जिवंत राहत नाही. सातारकर, यात रक्त कुठे घालणार?

सातारकर
'रणांगण' कॉलेजात वाचलंय, तिथे माझं काही चालत नाही. बाकी मत कायम: पुस्तकवाल्यांना मरण नीटनेटकं लागतं.

काल चुलत्यांना मात्र बुटांची गोष्ट सांगितली. आधी ऐकतायत की नाही तेच कळेना. मग म्हणाले, "दुसऱ्याला नंबर बसला का?"

रिकामी खुर्ची
बसला. म्युलर घालून बघतो, तसं लिहिलंय.