अनुदानित माध्यमिक शाळेच्या इमारतीसाठी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या संस्थेची आठवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. शिक्षकांचे पगार शासन देतं, पण इमारत संस्थेची. जुन्या चार वर्गांवर अजून मंगलोरी कौलं आहेत, वासे वाळवीनं पोखरलेत, पावसाळ्यात दोन तुकड्या एकाच खोलीत बसवाव्या लागतात. मुलींचं स्वच्छतागृहही नव्यानं बांधायला हवं, आणि खरं तर ते आधी. वेतनेतर अनुदान वीजबिल, खडू आणि किरकोळ दुरुस्तीतच संपतं.

समग्र शिक्षा आणि पीएम श्री या केंद्राच्या शालेय योजनांमधलं बांधकाम मुख्यतः सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी. म्हणजे आमच्यासारख्या शाळा ना इकडच्या ना तिकडच्या! आता आमदार निधी, खासदार निधी आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) एवढंच डोळ्यांसमोर आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारायचंय: लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र आधी घ्यावं, की अंदाजपत्रक तयार करून मगच भेटावं? अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाकडूनच लागतं, की खासगी अभियंत्याचं चालतं? सातबाऱ्यावर अजून जमीन देणाऱ्या कुटुंबाचं नाव आहे, बक्षीसपत्र आहे पण फेरफार (नावबदलाची नोंद) झालेला नाही; यावर प्रस्ताव अडतो का? मला वाटतं इथेच घोडं अडणार.

कुणाकडे मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना असेल तर कृपया पाठवा. नावं खोडून पाठवलात तरी चालेल.