मदत हवी आहे: विद्युत बसचे वजन काढताना चढाचा परिणाम कसा वगळावा?

धुळ्याजवळच्या लळिंग घाटातून जाणाऱ्या विद्युत बसचे प्रवाशांसह वजन मी मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि चाकांच्या वेगावरून काढत आहे. सपाट रस्त्यावर उत्तर स्थिर येते. चढावर मात्र ते फुगते, कारण जास्त वजन आणि चढ हे दोन्ही टॉर्कच्या नोंदीत सारखेच दिसतात. ब्रेक दाबल्याच्या नोंदी वगळल्या आहेत, फिरत्या भागांचे जडत्वही धरले आहे. जीपीएसची उंची डळमळते, आणि एअर सस्पेन्शनचा (बसचा भार पेलणाऱ्या हवेच्या फुग्यांचा) दाब फक्त मागच्या आसाचा मिळतो. नवा सेन्सर बसवण्याची परवानगी नाही. बसमध्ये आधीपासून असलेला त्वरणमापक (वेगातील बदल मोजणारा सेन्सर) गुरुत्वाकर्षणाचा रस्त्याच्या दिशेचा घटकही मोजतो, म्हणून त्याची नोंद थेट वजनाच्या समीकरणात (बल = वस्तुमान × त्वरण) घातल्यास चढ वेगळा काढावा लागणार नाही, असे मला वाटते. परंतु वेग घेताना बसचा मागचा भाग दबून जो कल येतो, त्याची दुरुस्ती कशी करावी?