मदत हवी आहे: पावसात चित्रांना बुरशी धरली

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची, बंदरावरच्या होड्या जलरंगात रंगवते, फोटोही काढते. यंदाच्या पावसाने घात केला. ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) कॉटन कागदावरच्या सात चित्रांवर करड्या टिकल्या उठल्यात, त्याही नेमक्या आकाशाच्या कोऱ्या जागेत! लेन्समध्येही कोळिष्टकासारखी बुरशी दिसतेय. लेन्स ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवली, पण २२ बाय ३० इंची कागद कुठल्या डब्यात मावणार? आजी म्हणते, चुलीवरच्या माळ्यावर ठेव. धुराने पिवळे पडतील त्याचं काय? कोळशाची रेखाटनं मात्र ठणठणीत, हे कसं कोण जाणे. किनाऱ्यावर राहून कागद सांभाळणारं कुणी आहे का इथे? डाग कोरड्या ब्रशने झाडू की हातच लावू नको? डिसेंबरात सावंतवाडीत मांडायची आहेत.