मदत हवी आहे: लाइन (वीज) आल्यावर नेटवर्क स्टोरेज लिनक्सला जोडल्या जात नाही

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं वाचनालय. कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४, राउटरला दोन डिस्कचं स्टोरेज, त्याचा आयपी पक्का केलेला: १९२.१६८.१.५०. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) सिफ्स (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत), व्हर्स ३.० (तिची आवृत्ती), नोफेल (जोडणी झाली नाही तरी कॉम्प्युटर सुरू होऊ दे), पासवर्ड वेगळ्या फाइलीत, तिची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते). हातानं माउंट केलं, म्हणजे स्टोरेज फोल्डरला जोडलं, की लगेच जोडल्या जातं, म्हणून युजर-पासवर्डचा घोळ नाही.

लाइन जाऊन आली की कॉम्प्युटर आधी उठतो, स्टोरेजला तीन-चार मिनिटं लागतात. तोवर लॉगमध्ये एरर ११३, नो रूट टू होस्ट (स्टोरेजपर्यंत वाटच नाही). खरा धोका पुढं आहे: फोल्डर रिकामं दिसतं, पण उघडतं. त्यात टाकलेले स्कॅन कॉम्प्युटरच्याच डिस्कवर उतरतात आणि नंतर माउंट झालं की त्याखाली झाकल्या जातात. त्यासाठी अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरला चॅटर +आय (फोल्डरमध्ये बदल बंद करणारी कमांड) लावलं. आता चुकीच्या जागी काही लिहिल्याच जात नाही.

एफएसटॅबमधल्या एक्स-सिस्टिमडी ऑटोमाउंट या पर्यायानं सुरुवातीचा प्रश्न सुटला, फोल्डर उघडताना जोडणी होते. अडलं ते इथं: कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहून फक्त स्टोरेज बंद पडलं, तर फाइल मॅनेजर आणि डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) दोन्ही अडकून बसतात. यूमाउंट -एल (जोडणी जबरदस्तीनं सोडवणारी कमांड) दिल्यावरच सुटतात.

एको इंटरव्हल (स्टोरेज जिवंत आहे का ते किती वेळानं विचारायचं) मुळात ६० सेकंद असतो. तो १० केला तर अडकणं कमी होईल का? की आयडल टाइमआउट (वापर नसला की काही वेळानं जोडणी आपोआप सोडणं) लावणं बरं? मोठी फाइल जात असताना एको कमी ठेवून कोणाची जोडणी तुटली असेल, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आवृत्तीसह नक्की सांगा.