शब्दचर्चा: रसायनशास्त्रातलं 'उदाहरण', 'गणित' की 'समस्या'?

प्रयोगवही:
विद्यापीठातले विद्यार्थी रसायनशास्त्रातले प्रॉब्लेम सोडवायला कसे शिकतात, यावरच्या संशोधनाचा मराठी गोषवारा लिहितेय आणि पहिल्याच वाक्याशी अडले आहे. 'विद्यार्थी समस्या कशा सोडवतात' असं लिहिलं की वसतिगृहाच्या तक्रारी डोळ्यांपुढे येतात. 'उदाहरणे' लिहावं, तर पुढच्या परिच्छेदात 'सोडवून दाखवलेली उदाहरणे' येतात आणि 'उदाहरणार्थ'ही येतं. 'गणितं' म्हणावं, तर सेंद्रिय रसायनात इलेक्ट्रॉनचे बाण काढत अभिक्रिया उलगडणं हे काही गणित नव्हे. तुम्ही काय वापराल? शिवाय विद्यार्थ्याला मोठ्यानं विचार बोलायला लावून ध्वनिमुद्रण करतात, त्या पद्धतीला मराठीत काय म्हणावं?

जुनी पाटी:
उदाहरणच. 'खालील उदाहरणे सोडवा' हे वाचत मोठे झालेल्यांना त्यात काहीही खटकत नाही. संदर्भानं अर्थ कळतो.

शंकासुर:
मुलं न्यूमेरिकल म्हणतात, प्राध्यापकही न्यूमेरिकल म्हणतात. छापताना तेवढं सोवळं कशाला?

निळा लिटमस:
न्यूमेरिकलला माझी हरकत नाही, पण त्यानं अर्धंच काम होतं. या विषयात 'सराव' आणि 'प्रॉब्लेम' हे दोन वेगळे मानतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले रसायनशिक्षणाचे संशोधक जॉर्ज बोडनर यांनी हा फरक वारंवार मांडला. आपण इथे आहोत, तिथे पोचायचंय आणि मधली वाट माहीत नाही, असं असेल तरच तो प्रॉब्लेम. वाट पाठ असेल तर सराव, मग आकडे कितीही किचकट असोत. म्हणजे प्रॉब्लेम असणं हा प्रश्नाचा गुण नाही, सोडवणारा कोण यावर ते ठरतं. फळ्याजवळ उभ्या प्राध्यापकांसाठी जे हातचा मळ असतं, ते समोर बसलेल्या मुलीसाठी प्रॉब्लेम असतं. त्यांनी सफाईनं सोडवून दाखवलं की तिला दिसतो तो सराव. चाचपडणं, मागे येणं, चुकीची वाट सोडून देणं हे तिला दिसतच नाही.

तेव्हा 'उदाहरण' सरावाला द्या. दुसऱ्यासाठी मी 'समस्या'च वापरीन, आणि वसतिगृहाचं भय बाळगणार नाही. समस्यापूर्ती आठवा. श्लोकाचा एक चरण हातात द्यायचा आणि उरलेले चरण कवीनं असे रचायचे की तो चरण तिथे चपखल बसावा. शेवट ठरलेला, वाट रिकामी. बोडनरांनी वापरलेली व्याख्या याहून वेगळं काय सांगते?

जुनी पाटी:
समस्यापूर्ती सुंदर. पण आजचा वाचक तिथवर पोचेल का? त्याला 'पाणीसमस्या'च आठवणार.

प्रयोगवही:
गोषवाऱ्यात एकदा व्याख्या दिली की पोचेल असं वाटतं. 'समस्या' घेते. पण मग 'सोडवणे'? विद्यार्थी येऊन सांगतात, 'मॅडम, सुटलं.' उत्तर बरोबर असतं, आणि काय सुटलं ते विचारलं तर गप्प.

निळा लिटमस:
यावर तर जुनं आणि गाजलेलं काम आहे. नुरेनबर्न आणि पिकरिंग या संशोधकांचं, १९८७ चं. त्यांनी नेहमीची आकडेमोडीची उदाहरणं आणि त्याच संकल्पनेवरचे चित्रांचे प्रश्न, दोन्ही विद्यार्थ्यांना दिले. आकडेमोड जमली, चित्रांत पुष्कळजण घसरले. एक चित्र असं: पोलादी टाकीत हायड्रोजन वायू, तापमान २० अंश सेल्सिअस, दाब ३ अॅटमॉस्फिअर, आणि टाकीच्या छेदात सगळीकडे विखुरलेले ठिपके म्हणजे रेणू. तापमान उणे २० अंशांवर नेलं तर ठिपके कसे दिसतील? हायड्रोजन द्रवरूप होतो उणे २५३ अंशांच्या आसपास, म्हणजे इथे तो वायूच राहणार आणि ठिपके पहिल्यासारखेच सगळीकडे विखुरलेले. नवा दाब काढायला सांगा, सूत्रात केल्विनमधलं तापमान घालून २.६ हे उत्तर मिनिटात येईल. ठिपके विचारा, तर तोच विद्यार्थी ते तळाशी गोळा करण्याची शक्यता बरीच.

म्हणून 'उत्तर काढणे' आणि 'उकल करणे' वेगळे ठेवा. 'उकल'मध्ये गुंत्याचा धागा हाती लागल्याची खूण आहे, 'उत्तर काढणे'ला ती सक्ती नाही.

शंकासुर:
आणि त्या सूत्रात आकडे घालून मोकळं होण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: त्रैराशिक मांडणे. अमुक ग्रॅमला इतकं, तर तमुकला किती. पाणी बनवायला चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन दिलं की मुलं म्हणतात, हायड्रोजन कमी, म्हणजे तो आधी संपणार. मोल, म्हणजे कुणाचे रेणू किती, ते कोण मोजतो!

निळा लिटमस:
नेमकं. मोल मोजले तर हायड्रोजन २, ऑक्सिजन अर्धा. एका ऑक्सिजन रेणूला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे संपतो ऑक्सिजन. पाणी १८ ग्रॅम, उरलेला हायड्रोजन २ ग्रॅम. सुरुवातीचे २० आणि शेवटचे २०, ताळा जमला. हा 'ताळा' शब्दही गोषवाऱ्यात येऊ द्या. 'पडताळणी' म्हटलं की कागदपत्रं आठवतात.

जुनी पाटी:
ताळा करायला शिकवणारे कमी झालेत, हे वेगळं.

निळा लिटमस:
आता मोठ्यानं विचार बोलण्याच्या पद्धतीचा शब्द. 'प्रकटविचार' सुचतो, 'प्रकटवाचना'च्या चालीवर.

प्रयोगवही:
मलाही तोच सुचला होता. पण एरिक्सन आणि सायमन या संशोधकांनी या पद्धतीला घातलेली अट आड येते. मनात जे चाललंय ते फक्त बोलायचं, समोरच्याला समजावून सांगायचं नाही. कारण समजावू लागलं की विचारांची चालच बदलते. संशोधक मध्ये 'का?' विचारत नाही, विद्यार्थी गप्प झाला तर 'बोलत राहा' एवढंच म्हणतो. 'प्रकट' म्हटलं की कुणासाठी तरी बोलणं आलं.

शंकासुर:
मग 'स्वगत' घ्या की. नाटकात पात्र बोलतं, ऐकू सगळ्यांना येतं, पण शेजारच्या पात्राशी ते बोलत नसतं.

प्रयोगवही:
'स्वगत-पद्धत'. हे चाललं! 'स्वगत नोंदवताना विद्यार्थिनीने…' असं वाक्यही सरळ लिहिता येतं.

जुनी पाटी:
चालेल. फक्त रंगभूमीवरचं स्वगत घासूनपुसून आलेलं असतं. इथे 'अं… थांब, नको, आधी समीकरण' असं असणार. ते छापताना शुद्ध करू नका.

प्रयोगवही:
नाही करणार. त्या 'थांब, नको'साठीच तर ध्वनिमुद्रण करायचं. कुठली वाट कधी सोडली ते तिथेच कळतं, वहीत खाडाखोड झालेली ओळ तेवढी दिसते. मुलं 'लिमिटिंग रिएजंट'ला 'आधी संपणारा' म्हणतात, तेही तसंच ठेवतेय. पाठ्यपुस्तकातली संज्ञा कंसात.

शंकासुर:
उलट करा. 'आधी संपणारा' मजकुरात, संज्ञा तळटीपेत.